पेटीतले माइट: आधी मोजा, मग राणी अडकवा, मग औषध

पावसाळा सरत आला की मधमाश्या पाळणाऱ्यांचे एकाच धाटणीचे फोन येऊ लागतात. "औषध टाकलं, तरी माशा दारापुढे रांगतायत. पंख सुरकुतलेत. आता कुठलं टाकू?" मी विचारतो, टाकण्याआधी माइट, म्हणजे माशांवर जगणारे बारीक परजीवी, किती होते? मोजले नव्हते. टाकल्यावर किती उरले? तेही नाही. त्या दिवशी पेटीत बंद पिल्लांच्या (मेणाच्या झाकणाखाली वाढणाऱ्या अळ्या-कोषांच्या) फ्रेम किती होत्या? इथे समोरचा गप्प होतो.

खरी गोम या तिसऱ्या प्रश्नात आहे. वरोआ या माइटची मादी अळीचं घर बंद व्हायच्या थोडं आधी आत शिरते आणि मेणाच्या झाकणाखाली, कोषावर बसून आपली पिल्लं वाढवते. पेटीत पिल्लं भरपूर असतील तर दहातले सात-आठ माइट त्या झाकणाखाली असतात. बहुतेक औषधं झाकणापलीकडे पोचतच नाहीत. उघड्यावरचे दोन-तीन मरतात, तळपाटावर लाल ठिपके दिसतात, आपण खूश होतो. पुढच्या बारा दिवसांत आतले सगळे नव्या माशांच्या अंगावर बसून बाहेर येतात.

त्यात परदेशी व्हिडिओंची भर. थंड देशांत हिवाळ्यात राणी अंडी घालणं थांबवते, सगळे माइट उघड्यावर येतात, तिथे एकाच डोसात काम भागतं. आपल्याकडे मेलिफेराची (युरोपीय पाळीव माशीची) राणी कमी-जास्त प्रमाणात बारा महिने अंडी घालते. पिल्लांचा खंड आपोआप पडत नाही, तो आपल्याला पाडावा लागतो.

## टप्पा १: पेटीतली माशी आणि अंगावरचा माइट ओळखा

पेटीत सातेरी (आपली देशी पाळीव माशी) असेल तर पुढचं जवळजवळ काहीच करू नका. वरोआ हा मुळात आशियाई माशीचाच सोबती. सातेरीत तो मुख्यतः नरांच्या घरांतच वाढतो, आणि कामकरी माश्या एकमेकींचं अंग साफ करून त्याला आटोक्यात ठेवतात. महाबळेश्वर, कोकण, सह्याद्रीच्या पट्ट्यात सातेरीची पेटी खचली तर आधी मेणकिडा, उपासमार आणि सॅकब्रूड (अळ्यांचा विषाणूजन्य रोग) पाहा. सातेरीच्या पेटीत उग्र आम्ल ठेवलंत तर माइट राहतील आणि वसाहत उडून जाईल.

मेलिफेरात मात्र दोन वेगवेगळे माइट असतात आणि त्यांचा इलाज एक नाही.

वरोआ तांबूस-तपकिरी, खेकड्यासारखा लांबीपेक्षा रुंद, साधारण दीड मिलिमीटर रुंदीचा. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. माशीच्या पोटाखालच्या पट्ट्यांत घट्ट बसतो आणि पिल्लं नसली तरी माशीच्या अंगावर आठवडेच्या आठवडे जगतो.

ट्रोपिलेलॅप्स लांबट, जेमतेम एक मिलिमीटर, फिक्या तांबड्या रंगाचा. पोळ्यावर तुरुतुरु पळतो. हा मूळचा आग्या माशीचा. पूर्ण वाढलेल्या माशीवर त्याला पोट भरता येत नाही. पिल्लं मिळाली नाहीत तर दोन-तीन दिवसांत मरतो. त्याचा हा कच्चा दुवा पुढे उपयोगी पडणार आहे.

ओळख पटत नसेल तर चार-पाच माइट स्पिरिटच्या छोट्या बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रात, महाबळेश्वरच्या मध संचालनालयात किंवा पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत दाखवा. मोबाइलवरच्या अंधुक फोटोवरून औषध विचारू नका. सांगणाराही अंदाजच सांगतो.

## टप्पा २: तयारी

तयारीला एक अख्खा दिवस द्या. पेटी उघडल्यावर चमचा शोधायला घरात पळणाऱ्यांच्या पेटीवर चोरटी (दुसऱ्या पेटीतला मध लुटणारी) माशी हटकून येते.

मोजणीसाठी: रुंद तोंडाची बरणी, तिच्या झाकणाला ३ मिलिमीटर भोकांची जाळी (साखर आणि माइट गळावेत, माशी अडावी), घरी दळलेली पिठीसाखर, पांढरा ट्रे, पाण्याचा स्प्रे आणि १२० मिलिलिटरची खूण केलेली वाटी. ही खूण घरीच करा: औषधाच्या मापाने १२० मिलि पाणी वाटीत ओतायचं आणि पातळीवर परमनंट मार्करने रेघ ओढायची. सैलसर भरलेल्या एवढ्या जागेत सुमारे ३०० माशा बसतात. स्वयंपाकघरातली "अर्धी वाटी" चालणार नाही, प्रत्येक घरची वाटी निराळी.

औषधासाठी: आम्ल सोसणारे रबरी हातमोजे, डोळे पूर्ण झाकणारा चष्मा, फॉर्मिकसाठी आम्लाच्या वाफेचा गाळणी-मास्क (कोरोनातला कापडी मास्क इथे शून्य कामाचा), सुई काढलेली १० मिलिची सिरिंज, एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि बादलीभर स्वच्छ पाणी हाताशी.

पेट्यांना नंबर घाला. नंबर पेटीवर घाला, झाकणावर नको, झाकणं बदलतात. एक वही करा: तारीख, पेटी नंबर, पिल्लांच्या फ्रेम, माइटची संख्या, काय दिलं. मी पहिली तीन वर्षं हे सगळं डोक्यात ठेवत होतो. तिसऱ्या वर्षी एकाच पेटीला आठ दिवसांत दोनदा ऑक्झॅलिक आम्ल (माइटवरचं औषध) दिलं आणि शेजारची कोरडी राहिली.

तपासून घ्या: मधाच्या कोठ्या काढल्यात? मधाची कोठी वर असताना यातलं कुठलंही औषध पेटीत जाता कामा नये. आणि औषध सुरू करायच्या आठवड्यात पेट्या हलवायच्या नाहीत.

## टप्पा ३: मोजणी

दर दहा पेट्यांमागे किमान तीन पेट्या मोजा, त्यातली एक सगळ्यात जोरदार असू द्या. बहुतेक जण मरगळलेली पेटी मोजतात. माइट जास्त तयार होतात ते भरपूर पिल्लं असलेल्या, दिसायला धडधाकट पेटीत.

१. पेटी उघडा आणि आधी राणी शोधा. ती जिच्यावर आहे ती फ्रेम बाजूला, सावलीत ठेवा. राणी सापडली नाही तर आज मोजणी नाही. ही पायरी गाळणाऱ्याने कधी ना कधी राणी बरणीत घातलेली असतेच.

२. उघड्या अळ्या असलेली फ्रेम निवडा. तिच्यावर पिल्लांना भरवणाऱ्या तरुण माशा असतात आणि माइटना त्याच आवडतात. कडेच्या मधाच्या फ्रेमवरच्या माशा घेतल्यात तर आकडा खोटा कमी येतो.

३. फ्रेम ट्रेवर झटका. दोन मिनिटं थांबा, म्हाताऱ्या माशा उडून जातील. उरलेल्या खुणेपर्यंत वाटीत घेऊन बरणीत टाका.

४. जाळीवरून दोन मोठे चमचे पिठीसाखर आत सोडा. बरणी आडवी करून हळूहळू फिरवा, प्रत्येक माशी पांढरी झाली पाहिजे. मग सावलीत दोन मिनिटं ठेवा. घाई करू नका. साखरेने माइटची पकड सुटायला हाच वेळ लागतो.

५. बरणी उलटी करून पांढऱ्या ट्रेवर मिनिटभर जोरात हलवा. साखरेवर पाणी फवारा. साखर विरघळते आणि माइट तपकिरी ठिपक्यांसारखे तरंगतात. मोजा, माशा पेटीत परत सोडा.

पावसाळ्यात ही पद्धत दगा देते. हवेतल्या ओलीने साखर माशीच्या अंगावर चिकटते, गोळे होतात, माइट सुटत नाहीत. जून ते सप्टेंबर मी साबणाच्या पाण्याचीच चाचणी करतो: त्याच ३०० माशा, बरणीत भांडी घासायच्या द्रवाचे काही थेंब घातलेलं पाणी, मिनिटभर जोरात हलवायचं, जाळीतून पांढऱ्या ट्रेत गाळायचं आणि माशांवर आणखी एकदा पाणी ओतायचं. या माशा मरतात, हे खरं. पण चांगली राणी दिवसाला हजारावर अंडी घालते. ३०० माशा वाचवायच्या म्हणून आकडाच न पाहणं परवडणारं नाही.

ट्रोपिलेलॅप्स या दोन्ही चाचण्यांत फारसा सापडत नाही, कारण तो माशीवर थांबतच नाही. त्याच्यासाठी बंद पिल्लांच्या फ्रेमवरच्या माशा झटकून काढा आणि फ्रेमची वरची पट्टी पांढऱ्या ट्रेच्या काठावर दोन-तीनदा दणकन आपटा. ट्रेवर बारीक लांबट ठिपके पळताना दिसले की समजा. शिवाय चिमट्याने पन्नासेक बंद घरं उघडून कोष काढून पाहा.

### आकडा कसा वाचायचा

३०० माशांत पाचपर्यंत वरोआ असतील तर महिन्याने पुन्हा मोजा. सहा ते आठ असतील तर पंधरा दिवसांत कामाला लागा. नऊ किंवा जास्त म्हणजे शंभर माशांमागे तीन, इथे थांबायचं नाही. साखरेच्या चाचणीत काही माइट सुटून जातात, म्हणून सीमेवरचा आकडा वरच्या गटातला धरा. ट्रोपिलेलॅप्स एकाही पेटीत दिसला तर अख्ख्या तळावर (एका जागी ठेवलेल्या सगळ्या पेट्यांवर) इलाज करा, तो वरोआपेक्षा झपाट्याने वाढतो.

इशारा: पंख सुरकुतलेल्या माशा, भोकं पडलेली आणि खचलेली झाकणं, विस्कळीत पिल्लं ही लक्षणं दिसायला लागली म्हणजे आकडा केव्हाच वर गेलेला असतो. लक्षणांची वाट पाहून इलाज करणारा दर वर्षी एक महिना उशिरा असतो.

## टप्पा ४: राणी अडकवून पिल्लांचा खंड पाडणं

माझ्या मते आपल्या हवेत माइटवरचं सगळ्यात भरवशाचं काम हेच, आणि सगळ्यात कमी केलं जाणारंही हेच. बाटली विकत आणणं सोपं पडतं.

तत्त्व साधं आहे. अंड्यापासून कामकरी माशी २१ दिवसांत आणि नर २४ दिवसांत बाहेर येतो. राणीला २४ दिवस अंडी घालू दिली नाहीत तर पेटीत एकही बंद घर उरत नाही. सगळा वरोआ उघड्यावर येतो, आणि ट्रोपिलेलॅप्स तर उपासानेच मरतो.

दिवस ०. राणी जाळीच्या पिंजऱ्यात घाला. काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात राणी पाठवतात, तो यासाठी नको, २४ दिवस त्यात ती खराब होते. तळहाताएवढा, दोन्ही बाजूंनी जाळी असलेला पिंजरा पिल्लांच्या फ्रेमच्या मधोमध बसवा. जाळीतून कामकरी माशांना तिला भरवता आलं पाहिजे. कडेला, मधाच्या फ्रेमशेजारी पिंजरा ठेवलात तर माशा तिच्याकडे पाठ फिरवतात.

दिवस ८. पेटी उघडून प्रत्येक फ्रेम झटकून पाहा. अडकलेल्या राणीचा गंध पेटीभर नीट पसरत नाही, मग माशा आणीबाणीची राणीघरं बांधतात. सगळी मोडा. एक राहिलं तरी नवी राणी निघेल, आणि पिंजऱ्यातल्या जुनीला कुणी विचारणार नाही. हा दिवस चुकवू नका. दहाव्या-अकराव्या दिवशी गेलात तर एखादी राणी बाहेर पडलेली असेल.

दिवस २४. फ्रेमन् फ्रेम पाहा. बंद घर एकही नसावं. नरांची चुकार घरं कोपऱ्यात राहतात, ती चिमट्याने उघडून टाका. संध्याकाळी ऑक्झॅलिक (टप्पा ५). दुसऱ्या दिवशी राणी मोकळी.

या काळात नव्या माशा येत नाहीत, पेटी बारीक होते. ती भरून यायला वेळ लागतो. राणी सुटल्यापासून अंड्याची माशी होऊन ती फुलांवर जायला सहा आठवडे धरा. ऑक्टोबरच्या अखेरीस पेट्या राजस्थानात मोहरीवर न्यायच्या असतील तर राणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात अडकवा. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती सुटते, तेव्हा बाजरी-मक्याचा परागही असतो. ऐन बहरात राणी अडकवून "मध कमी आला" म्हणण्यात अर्थ नाही.

### नरांची फ्रेम: मदतीला, पण धोक्याची

वरोआला मेलिफेरातही कामकरीपेक्षा नराचं घर कितीतरी जास्त आवडतं, कारण ते जास्त दिवस बंद असतं. पिल्लांच्या कोठीत मेणपत्रा (घरं बांधायला आधार म्हणून दिलेला मेणाचा पत्रा) न लावलेली एक रिकामी फ्रेम ठेवली की जोरदार पेटी तिच्यावर नरांची घरं बांधते. घरं बंद झाली की फ्रेम काढून कापा, मेण वितळवा किंवा कोंबड्यांपुढे टाका.

फ्रेम ठेवल्याची तारीख पेटीवर लिहा. विसाव्या ते बाविसाव्या दिवशी ती बाहेर आलीच पाहिजे. विसरलात तर तुम्ही माइट पकडले नाहीत, पाळलेत. लग्नसराईत, गणपतीत, कुणाच्या तेराव्याला गावाला जाणार असाल तर ही फ्रेम ठेवूच नका.

## टप्पा ५: औषध, योग्य वेळी योग्य ते

### ऑक्झॅलिक आम्ल: बंद पिल्लं नसतानाच

हे झाकणाखाली जात नाही. म्हणून जागा एकच: राणी अडकवल्यावर चोविसावा दिवस, किंवा अजून अंडी न घालणाऱ्या नव्या राणीची पेटी, किंवा नुकतीच पकडलेली वसाहत.

६५० ग्रॅम साखर ६५० मिलि कोमट पाण्यात विरघळवा आणि त्यातून तयार पाक मोजून एक लिटर घ्या. त्यात ३५ ग्रॅम शुद्ध ऑक्झॅलिक आम्ल, डायहायड्रेट प्रकारचं, पूर्ण विरघळवा. इथे चूक हमखास होते: एक किलो साखर आणि एक लिटर पाणी घेतलं की पाक दीड लिटरच्या वर जातो, मग ३५ ग्रॅम पातळ पडतं आणि "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार येते. उलट बाजूने, अंदाजाने चमचे टाकणाऱ्यांच्या माशा मरतात. फरशीचे डाग काढायला मिळणारी भुकटी घेऊ नका, तिच्यात आणखी काय आहे ते डब्यावर नसतं.

संध्याकाळी माशा घरी आल्यावर सिरिंजने दोन फ्रेममधल्या माशांनी भरलेल्या प्रत्येक फटीत ५ मिलि, सरळ माशांच्या अंगावर ओघळू द्या. रिकाम्या फटीत काही नाही. आठ फटी भरल्या असतील तर ४० मिलि. पेटी कितीही मोठी असो, ५० मिलिच्या वर नाही. एका खंडात एकदाच. उरलेला पाक ठेवून देऊ नका, उकाड्यात त्यात माशांना विषारी पदार्थ तयार होतो.

### फॉर्मिक आम्ल: पिल्लं असताना, पण हवा पाहून

राणी अडकवणं शक्य नसेल तर हे. याची वाफ झाकणातून आत जाते, तेवढ्यासाठीच त्याचा त्रास सोसायचा. ट्रोपिलेलॅप्सवरही चालतं.

अट तापमानाची आहे. दिवसाचं कमाल तापमान ३० अंशांच्या खाली असलं पाहिजे. पुणे, सातारा, नाशिककडच्या भागात जुलै-ऑगस्ट, आणि नंतर डिसेंबर-जानेवारीतले गार दिवस. विदर्भ-मराठवाड्यात उघडीप पडली की पारा लगेच चढतो, तिथे पुढच्या आठवड्याचा अंदाज पाहिल्याशिवाय बाटली उघडू नका. एप्रिल-मे मध्ये कुठेही नाही. उष्णतेत आम्ल भसकन उडतं, राणी मरते, कधी कधी सगळी वसाहत पेटी सोडून बाहेर लटकते.

८५ टक्क्यांचं आम्ल ५ मिलि, इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत. बुचातून कापसाची वात. कडेची एक फ्रेम काढून त्या जागेत बाटली तारेने उभी बांधा, कलंडून आम्ल पोळ्यावर सांडलं तर त्या जागेवरची पिल्लं गेलीच. रोज संध्याकाळी पुन्हा ५ मिलि, असे १५ दिवस. पंधराच का, तर कामकरीचं घर १२ दिवस आणि नराचं १४-१५ दिवस बंद असतं, त्यातला शेवटचा माइटही बाहेर यायला हवा. चार दिवसांत माइट पडायचे थांबले म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या पेटीत पाचव्या दिवसापासून पुन्हा मोजणी सुरू होते, फक्त ती माइट करत असतात.

दार पूर्ण उघडं ठेवा. भोकं, फटी बुजवू नका. पहिल्या दोन दिवसांत थोड्या अळ्या आणि माशा मरतात, राणी काही दिवस अंडी थांबवते, यात घाबरण्यासारखं नाही. पण सकाळी दारापुढे मूठभरापेक्षा जास्त मेलेल्या दिसल्या तर बाटली काढा आणि वात बारीक करा. विसाव्या दिवशी ताजी अंडी शोधा. नसतील तर राणी गेली असं धरून चला.

इशारा: आम्ल ओतताना वाऱ्याकडे पाठ करा. त्वचेवर पडलं तर पुढची निदान पंधरा-वीस मिनिटं नुसतं पाणी ओतत राहा, आणि डोळ्यात गेलं तर पाणी मारत मारतच दवाखाना गाठा. पातळ करायची वेळ आली तर आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीच नाही. पाण्याच्या जुन्या बाटलीत आम्ल भरून ठेवण्याची सवय आजच मोडा, घरात मुलं असतात.

### गंधक: फक्त ट्रोपिलेलॅप्ससाठी

बारीक गंधकाची भुकटी, फ्रेममागे २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच फ्रेमला एक ग्रॅम, फ्रेमच्या वरच्या पट्ट्यांवर पातळ भुरभुरायची. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. पोळ्यावर, उघड्या अळ्यांवर पडू देऊ नका. बागेवर फवारायचं पाण्यात मिसळणारं गंधक यासाठी नको, त्यात इतर द्रव्यं असतात. वरोआवर याचा भरवसा धरू नका.

### पट्ट्या

फ्लुव्हॅलिनेट, फ्लुमेथ्रिन या माइटनाशकांच्या पट्ट्या सोप्या, म्हणून सगळे तिकडे वळतात. तयार पट्टी वापरायचीच असेल तर पाकिटावर सांगितलेल्या संख्येत, पिल्लांच्या फ्रेममध्ये, सांगितलेल्या दिवशी काढून घ्या. पट्टी वर्षभर लटकत ठेवली की औषध कणाकणाने सुटत राहतं, कच्चे माइट मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. कित्येक देशांत ही औषधं याच कारणाने निकामी झाली. शिवाय ती मेणात मुरतात, आणि तेच मेण पुढे मेणपत्रा होऊन आपल्याच पेटीत परत येतं.

गोठ्यातल्या गोचिडांच्या औषधात पुठ्ठा बुडवून घरी पट्टी करण्याचा प्रकार मी पाहिला आहे. डोसाचा पत्ता नाही, मधात काय उतरलं त्याचा पत्ता नाही. यावर चर्चाही नको.

## टप्पा ६: पुन्हा मोजणी

औषध संपल्यावर दहा ते चौदा दिवसांनी त्याच पेट्या, त्याच पद्धतीने मोजा. आधी साखर आणि नंतर साबण असं केलंत तर तुलना होत नाही. ३०० माशांत दोनच्या वर माइट उरले असतील तर काम फसलं आहे. मग औषध बदलण्याआधी वही उघडा: त्या दिवशी बंद पिल्लं होती का? तापमान किती होतं? दिवस पूर्ण केले का? दहातल्या नऊ वेळा चूक इथेच सापडते.

तळपाटावर पडलेल्या माइटवरून निष्कर्ष काढत असाल तर मुंग्यांचा बंदोबस्त करा. तळपाटावर एरंडेल लावलेला पांढरा कागद, त्यावर जाळी, आणि स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. नाहीतर पडलेले माइट रात्रीतून मुंग्या उचलतात आणि सकाळी कागद स्वच्छ पाहून आपण समाधानाने चहा पितो.

## टप्पा ७: बाहेरून परत येणारे माइट

तळावरच्या सगळ्या पेट्यांना एकाच आठवड्यात औषध द्या. आज पाच, पुढच्या रविवारी पाच असं केलं की भटकलेल्या कामकरी आणि नर माशा माइटना इकडून तिकडे वाहून नेतात.

माइटने खचलेली पेटी जोरदार पेटीत तशीच मिसळू नका. आधी तिच्यातली बंद पिल्लं काढून नष्ट करा, उरलेल्या माशांना ऑक्झॅलिक द्या, मग मिसळा. मरायला टेकलेली पेटी तळावर उघडी ठेवली तर शेजारच्या माशा तिचा मध लुटायला जातात आणि अंगावर माइट घेऊन येतात. तिचं दार एका माशीपुरतं करा किंवा ती उचलून हलवा.

मोहरीवर, सूर्यफुलावर, कांद्याच्या बियाण्यावर अनेकांच्या पेट्या एकाच शिवारात उतरतात. तिथून आल्यावर तिसऱ्या आठवड्यात मोजणी करा, जाण्यापूर्वीचा आकडा कितीही चांगला असो. आणि शेजारी तळ टाकलेल्या माणसाशी पहिल्याच दिवशी बोला: "दादा, तुम्ही औषध कधी देणार? एकत्रच देऊ." तो नाही म्हणाला तर पेट्या निदान दारं विरुद्ध दिशेला करून लावा, आणि पुढची मोजणी तीन आठवड्यांऐवजी दोनच आठवड्यांनी करा.